परदेशी नोकरीचा अर्ज : कागद कुणाचे आणि कर्ज कुणाचं?

(परिचारिका आणि आरोग्य-कामगार बायकांसाठी नाशिक इथे झालेल्या एक दिवसाच्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडा संक्षेप केला आहे.)



सकाळी ओळखी झाल्या तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी 'बाहेर जायचा विचार आहे' असं सांगितलं. काहींनी ते मोठ्याने सांगितलं, काहींनी चहाच्या वेळी माझ्या कानाशी येऊन. मी तुम्हाला 'जा' म्हणायला आलेली नाही आणि 'जाऊ नका' म्हणायलाही नाही. आपल्या चळवळीत अशी एक सवय आहे, की बाई परदेशी निघाली की आपण तिला शोषणाच्या गोष्टी सांगून परत फिरवायला बघतो. पण इथे खाजगी रुग्णालयात बारा-बारा तास ड्यूटी करणाऱ्या बाईला शोषण म्हणजे काय हे आपण शिकवायची गरज नाही. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराबद्दल समिती नेमायला सांगितली. समितीने म्हटलं, पन्नास खाटांहून लहान रुग्णालयातसुद्धा महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. या शिफारशीला किती वर्षं झाली ते मोजा आणि आपापली पगाराची पावती बघा. का जायचं, या प्रश्नाचं उत्तर त्या पावतीत आहे. ते मी पुन्हा देत नाही.

मी बोलणार आहे अर्जाबद्दल. अर्ज म्हटलं की आपल्याला वाटतं ही तांत्रिक बाब आहे, एजंट बघेल, दीर बघेल, नाहीतर सायबर कॅफेतला मुलगा बघेल. इथेच गडबड सुरू होते. हा अर्ज तुमच्या नावाने असतो, तुमच्या शिक्षणावर असतो, त्यातल्या प्रत्येक खऱ्याखोट्याची जबाबदारी तुमची असते. आणि पुष्कळदा तुम्ही तो वाचलेलासुद्धा नसतो.

उदाहरण म्हणून ब्रिटन घेऊ, कारण तुमच्या चिठ्ठ्यांमध्ये सर्वांत जास्त प्रश्न त्याबद्दलच आहेत.

आधी एक वाईट बातमी, ती लांबवत नाही. 'केअर होम'चा व्हिसा, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायचं काम, हा रस्ता ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडला होता. मार्च २०२४ पासून त्या कामावर नव्याने जाणाऱ्यांना नवरा-मुलांना बरोबर नेता येईना. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद झाली. जे आधीच तिथे आहेत त्यांना काही अटींवर मुदत वाढवून मिळण्याची सोय जुलै २०२८ पर्यंत ठेवली, पण इथून नव्याने अर्ज करणारीसाठी ते दार लागलेलं आहे. तरीही तालुक्याच्या गावी हा व्हिसा विकणारी माणसं आहेत. 'बारावी पास, नर्सिंगची गरज नाही, पंधरा लाख द्या' असं सांगतात. जे दार बंद आहे त्याची किल्ली पंधरा लाखांना विकायची, असा तो धंदा आहे. उघडं होतं तेव्हाही काय झालं ते बघा. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश सरकारने देखभाल क्षेत्रातल्या चारशे सत्तरहून अधिक मालकांचे परवाने रद्द केले. मालक लबाड होते म्हणून परवाने गेले हे योग्यच झालं, पण त्या परवान्यांवर ज्या बायका-पुरुषांचे व्हिसे टांगलेले होते त्यांचं काय? त्या लोकांची संख्या सरकारच्याच आकड्यात ३९ हजारांवर आहे. ते कर्ज काढून गेले होते.

प्रशिक्षित नर्ससाठी रस्ता अजून आहे, पण तो वेगळा आहे. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, आपल्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी असलेली बाई त्यासाठी पात्र धरली जाते. एएनएम झालेल्यांना मात्र तिथे नर्स म्हणून नोंदणी मिळत नाही. कुणी 'करून देतो' म्हणालं तर ते खोटं आहे.

क्रम असा आहे. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे आधी नोंदणीची सुरुवात करायची. इंग्रजीची परीक्षा द्यायची. आयईएलटीएस देणार असाल तर वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत सात, लिखाणात साडेसहा. ओईटी नावाची आरोग्य-कामगारांसाठीची परीक्षाही चालते आणि ती अनेकींना बरी पडते, कारण तिच्यातले विषय आपल्या वॉर्डातले असतात. मग संगणकावरची परीक्षा, ती इथे भारतातच होते, गणिताचा भाग वेगळा आणि नर्सिंगचा वेगळा. मग नोकरीची मुलाखत. मालक 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' देतो, ज्याला सगळे सीओएस म्हणतात. तो मिळाला की तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज. त्याबरोबर पासपोर्ट, क्षयरोग नसल्याचा मान्यताप्राप्त केंद्राचा दाखला आणि पोलीस दाखला. तिथे पोहोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा, ओएससीई. कामावर रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत ती पहिल्यांदा द्यावी लागते आणि आठ महिन्यांत पास व्हावी लागते. म्हणजे विमानात बसलात म्हणजे पोहोचलात असं नाही. आरोग्य-कामगारांच्या या व्हिसाला फी कमी आहे आणि एरवी भरावा लागणारा आरोग्य-अधिभार लागत नाही. नियम मात्र वर्षाला दोनदा-तीनदा बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. तिथे मजकूर फुकट आहे आणि भाषा तुम्हाला परीक्षेत विचारतात त्यापेक्षा सोपी आहे.

क्षयरोगाच्या तपासणीबद्दल एक. त्यात छातीचा एक्स-रे असतो. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर केंद्रावर आधी सांगा. पोटावर संरक्षक पट्टा देऊन एक्स-रे किंवा थुंकीची तपासणी असे पर्याय असतात. थुंकीच्या तपासणीला बराच वेळ लागतो, तेव्हा तारखा त्या हिशोबाने धरा.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. हा अर्ज पुरुष भरतो आणि बाई भरते, तेव्हा फॉर्म एकच असला तरी काम सारखं नसतं. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. आपलं तसं नाही. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही. मधलं बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने बाईचं स्वतःचं नावसुद्धा बदलून लिहितात. म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्रावर सुनंदा, नर्सिंगच्या नोंदणीवर सुनंदाच, आधार कार्डावर सासरचं वैष्णवी, आणि पासपोर्ट एजंटने आधार कार्ड बघून काढलेला. कागदांच्या हिशोबाने या दोन बायका आहेत. त्यातली एक शिकलेली आहे आणि दुसरी विमानाने जाऊ शकते.

हसू नका, मी अशा फायली पाहिल्या आहेत. यात स्पेलिंगचा घोळ मिळवा. 'लक्ष्मी' लिहिताना एका कागदावर एक्स, दुसऱ्यावर के-एस-एच. 'वाघ' कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. आणि जन्मतारीख! आपल्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत दुसरी असते. इथे कुणी विचारत नाही. तिथला अधिकारी विचारतो, आणि त्याला १ जूनची गोष्ट माहीत नसते.

यासाठी उपाय आहेत, फक्त ते नोकरी लागल्यावर करायचे नाहीत. आज घरी गेल्यावर सगळे कागद जमिनीवर मांडा. नाव, जन्मतारीख, स्पेलिंग, एकेक ओळ जुळवून बघा. नर्सिंगच्या नोंदणीवर जे नाव आहे ते पासपोर्टवर असेल तर निम्मी कटकट संपते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा या देशात नाही. ज्यांनी अजून बदललेलं नाही त्यांनी बदलू नका. मी हे तत्त्व म्हणून सांगते आणि सोय म्हणूनही. ज्यांनी बदललंय त्यांनी लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढा. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निबंधक आहेत. स्वतःचं नावच बदललं असेल तर राजपत्रातली जाहिरात लागेल. परिचर्या परिषदेतली नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण राहिलंय का, तेही बघा. परदेशातली परिषद आपल्या परिषदेकडून तुमच्या नोंदणीची खातरजमा मागते.

टाकलेल्या बायकांचा, आपल्या भाषेत परित्यक्तांचा प्रश्न याहून अवघड. घटस्फोट नाही, नांदवत नाही, सहीलाही येत नाही. अशा बायकांना पासपोर्ट कचेरीच्या दारातून 'नवऱ्याला घेऊन या' म्हणून परत पाठवलेलं मी ऐकलं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सोपे झाले. विभक्त किंवा घटस्फोटित बाईने अर्जात नवऱ्याचं नाव देण्याची गरज नाही, घटस्फोटाचा हुकूमनामा जोडण्याची गरज नाही, विवाहाच्या प्रमाणपत्राची सक्ती नाही, आणि आई किंवा बाप यांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं. हे परराष्ट्र खात्याने स्वतः जाहीर केलेलं आहे. खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर त्याच्या वरच्याला भेटा, आणि जाताना संघटनेच्या दोघी बरोबर घ्या.

मूल बरोबर न्यायचं असेल तर गाठ आणखी घट्ट होते. मुलाच्या पासपोर्टला एरवी दोघांची संमती लागते. दुसऱ्याची मिळत नसेल तर एकट्या पालकाचं वेगळं प्रतिज्ञापत्र आहे. पण ब्रिटिश व्हिसाचा नियम वेगळा. आई आणि बाप दोघंही तिथे असतील किंवा जात असतील तर मूल जाऊ शकतं. नाहीतर मुलाची सगळी जबाबदारी एकट्या आईवरच आहे, हे सिद्ध करावं लागतं. सिद्ध करायचं म्हणजे काय? शाळेच्या फीच्या पावत्या कुणाच्या नावाच्या, पालकसभेच्या वहीत सही कुणाची, लसीकरणाच्या कार्डावर नाव कुणाचं, पोटगीचा दावा केला होता का आणि त्यात काय झालं. म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं जे काम केलं आणि ज्याची कुणी दखल घेतली नाही, त्याची पावती मागतात. ठेवत जा. न्यायालयातून ताब्याचा आदेश घेता आला तर सर्वांत उत्तम. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असं लिहिलेलं आहे. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, तो जबाबदारी घेत नसेल तेव्हाही आई पालक आहे. शब्द मात्र कायद्याच्या पुस्तकातून गेला नाही, त्याचा अर्थ तेवढा बदलला. कारकून वाचतो तो शब्दच.

आता पैशाचं. एजंट किती घेतो, असं मी विचारलं की आकडे सात लाखांपासून सुरू होतात. कायदा काय म्हणतो? परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याची सरकारकडे नोंदणी हवी, हे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने ठरवलं. नोंदणी झालेल्या एजंटने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा नियमांनी तीस हजार रुपये आणि वर जीएसटी अशी घातली. इतकीच. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. 'व्हिसा कन्सल्टन्सी' अशी पाटी लावली म्हणजे नोंदणी झाली असं नाही. तिकडे ब्रिटनमध्ये तर कामगाराकडून नोकरी मिळवून देण्याचे पैसे घेणंच बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून सीओएसची फीसुद्धा मालकाने कामगारावर ढकलायची नाही, असा नियम झाला. तेव्हा कुणी 'सीओएस काढायचे आठ लाख' म्हणालं, की ते पैसे कशाचे आहेत ते ओळखा. परवाना असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करतं. मालकाचं नाव त्यात शोधायला पाच मिनिटं लागतात. नाव सापडलं म्हणजे माणूस चांगला असं मात्र समजू नका. ते चारशे सत्तर मालकसुद्धा एकेकाळी त्याच यादीत होते.

आणि हा पैसा येतो कुठून? नवऱ्याच्या नावावरची जमीन सहसा गहाण पडत नाही. आधी बाईचं सोनं जातं. मग माहेरचं. मग बचतगटाचं कर्ज, ज्यात शेजारणी जामीन राहतात. ती बाई तिथे अडचणीत आली तर परत येऊ शकत नाही, कारण गावात दहा जणी तिच्या हप्त्याची वाट बघत असतात. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितहून युद्धात अडकलेल्या ४६ भारतीय नर्सेस परत आल्या. बहुतेक केरळच्या होत्या. बंदुकांच्या छायेतसुद्धा काही जणींचा जीव परतायला धजत नव्हता, त्यामागे घरचं कर्ज होतं. केरळच्या बायका या रस्त्याने आपल्या कितीतरी आधीपासून जात आहेत. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यांनी सोसलेलं पुन्हा सोसायची गरज नाही. २०१५ मध्ये आखाती देशांसह ज्या अठरा देशांसाठी उत्प्रवासनाची तपासणी लागते, तिथे जाणाऱ्या नर्सेसची भरती सरकारने सरकारी संस्थांच्या हाती दिली. ती केरळमधल्या भरतीतल्या लुबाडणुकीमुळेच.

म्हणून एक आग्रह. घरातल्या घरात का होईना, कर्जाचा कागद करा. सोनं कुणाचं, किती तोळे, कुणी कधी सोडवायचं, हे लिहा आणि नवऱ्याची सही घ्या. तुम्हाला संकोच वाटेल. एजंटच्या कागदावर न वाचता सही करताना मात्र वाटत नाही! तिथून पाठवलेला पैसा कुठल्या खात्यात जाणार हेही निघण्याआधी ठरवा. खातं तुमच्या नावाचं असू द्या.

खोट्या कागदांबद्दल थोडक्यात, पण नीट ऐका. अनुभव कमी पडतो म्हणून एजंट एखाद्या रुग्णालयाचं अनुभवपत्र 'जोडून देतो'. बँकेत चार दिवसांसाठी पैसे 'दाखवून देतो'. ब्रिटनमध्ये अर्जात खोटा कागद सापडला तर अर्ज फेटाळतात आणि दहा वर्षांपर्यंत पुन्हा अर्जाचा रस्ता बंद होऊ शकतो. ही शिक्षा अर्जदाराला होते. एजंट पाटी बदलून शेजारच्या गल्लीत बसतो. भरलेल्या अर्जाची प्रत मागा, ती देत नसेल तर उठून या. मूळ प्रमाणपत्रं एजंटकडे किंवा रुग्णालयाकडे ठेवू नका. दाखवा, परत घ्या.

कराराबद्दल. हा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली तर सर्वसाधारणपणे साठ दिवसांत दुसरा परवानाधारक मालक शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. भांडणं, तक्रार करणं, आजारी पडणं, सगळ्यावर या साठ दिवसांची सावली असते. म्हणून सही करण्याआधी पाहा, की आठवड्याचे तास लिहिलेत का, पगार वर्षाचा की तासाचा, राहण्याचं भाडं कापणार का, आणि मुदतीआधी नोकरी सोडली तर किती पैसे परत मागणार. परतफेडीची अशी कलमं तिथे असतात. पण ती आधी स्पष्ट सांगितलेली हवीत, रक्कम वाजवी हवी आणि जितके महिने काम कराल तितकी ती कमी होत जायला हवी. अनेक रुग्णालयं परीक्षांची फी आणि विमानभाडं स्वतः भरतात, तेव्हा मुलाखतीत विचारायला लाजू नका. तिथे गेल्यावर नर्सेसच्या आणि आरोग्य-कामगारांच्या युनियनचं सभासद व्हा, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग किंवा युनिसन. आपल्याकडच्या कित्येक जणी 'व्हिसाला धोका नको' म्हणून होत नाहीत. युनियनचं सभासद होणं हा तिथे हक्क आहे, त्याने व्हिसा जात नाही.

आणखी एक. कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षं लागतात, असं एजंट अजून सांगतात. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने साधारण मुदत दहा वर्षं करण्याचा विचार मांडला. 'पाच वर्षांत सगळं घर तिकडे' हा हिशोब धरून इथलं घर विकू नका.

नर्सच्या व्हिसावर नवरा 'अवलंबित' म्हणून जातो. हा शब्द नवऱ्याच्या कागदावर पहिल्यांदाच येतो. काही घरांत तो पचतो, काही घरांत नाही. तिथे जाऊन नवरा कामाला लागेपर्यंतचे महिने कसे काढायचे, स्वयंपाक आणि मूल कुणी बघायचं, रात्रपाळीच्या दिवशी काय, हे इथेच बोलून घ्या. आणि नवऱ्याच्या व्हिसावर जाणाऱ्या मैत्रिणी असतील त्यांना सांगा, की घरातल्या हिंसेमुळे वेगळं व्हावं लागलं तर कामगाराच्या जोडीदाराला ब्रिटनमध्ये तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी मागता येते आणि त्या काळात सरकारी मदत मिळू शकते. काळ थोडा आहे, पण आसरा आणि वकील शोधायला तेवढा लागतोच.

राहता राहिलं मागचं घर. तुम्ही गेल्यावर म्हाताऱ्या सासूला कोण उठवणार? बहुतेक वेळा याचं उत्तर थोरली मुलगी असं निघतं, आणि तिची शाळा सुटते. तिकडच्या वॉर्डात दुसऱ्याच्या आईची देखभाल पगारी, इकडे घरात ती फुकट, आणि दोन्ही टोकांना बाईच. यावर माझ्याकडे तोडगा नाही. पण पाठवलेल्या पैशातून इथे मदतीला ठेवाल त्या बाईला नीट पगार द्या, रजा द्या, आणि तो खर्च पहिल्या महिन्यापासून हिशोबात धरा. मुलीच्या शाळेचं नाव त्या हिशोबात वरच्या ओळीला लिहा.

जेवणानंतर फायली घेऊन बसू. ज्यांनी कागद आणलेत त्यांनी तिघी-तिघींचे गट करा आणि एकमेकींची नावं, तारखा तपासा. दुसऱ्याच्या कागदातली चूक लवकर दिसते. ज्यांनी एजंटला पैसे दिले आहेत त्यांनी पावती असेल तर पावती, नसेल तर फोनवरचे निरोप आणि बँकेच्या नोंदी दाखवा. मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडे करायच्या तक्रारीचा नमुना आपण मराठीत तयार केला आहे. तो टेबलावर ठेवला आहे, झेरॉक्स पुरतील इतक्या काढल्या आहेत.